शेतकऱ्यांची यादी

माझ्या दुकानातल्या लिनक्सच्या संगणकावर एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी आहेत. दोन्हींचं नाव ‘शेतकऱ्यांची यादी’. काना, मात्रा, अनुस्वार सगळं तंतोतंत सारखं. एका फोल्डरमध्ये एका नावाची एकच फाइल राहू शकते, हे मी वीस वर्षं पोरांना शिकवत आलो. तरी या दोन नांदतात, आणि संगणकाची त्यात काहीच चूक नाही. तसं का झालं, ते सांगायचं तर पेठला संगणक आला तिथपासून सुरुवात करावी लागेल.

नाशिकहून पेठ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सावळ घाट उतरून कोटंबीचा घाट पार केला की आमचा तालुका सुरू होतो, आणि पुढे रस्ता गुजरातेत जातो. पावसाळ्यात इथे वीज जाते तेव्हा ती कधी येईल ते कुणी विचारत नाही. मी १९९१ साली एसटी स्थानकापासून जवळच टायपिंगचे क्लास काढले. गोदरेजच्या चार मशीन होत्या, दोन मराठी आणि दोन इंग्रजी. मराठी ३० शब्दांची परीक्षा द्यायला करंजाळी-जोगमोडीकडची पोरं पायी येत. १९९९ मध्ये मी मशीन विकून पहिला संगणक घेतला. त्यावर विंडोज ९८ होतं आणि मराठी टायपिंगचं एक पॅकेज. लग्नपत्रिका, अर्ज, शाळांची निकालपत्रकं, सगळं त्यावर.

छपाई नाशिकला व्हायची. मग फाइल जायची कशी? १.४४ एमबीच्या फ्लॉपीत भरायची, फ्लॉपी पाकिटात, पाकीट सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे. संध्याकाळी छापखान्यातून फोन यायचा की उघडत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी फ्लॉपी. संगणक जोडणं म्हणजे काय, हे मी आधी त्या एसटीवर शिकलो. सामान पोचतं, पण पोचलेलं सामान समोरच्याला उघडता आलं पाहिजे.

२००१ मध्ये दुसरा संगणक आला. तो जुना होता, नाशिकच्या एका कचेरीने काढून टाकलेला. माझा पुतण्या तेव्हा नाशिकला इंजिनीअरिंगला होता. त्या काळी पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीची, सीडी मिळायची. पुतण्याने ती आणली आणि दिवाळीच्या सुट्टीत त्या जुन्या संगणकावर चढवली. कारण सरळ होतं. विंडोजच्या संगणकात फ्लॉपीतून व्हायरस यायचे, वीज गेली की स्कॅनडिस्क चालायचं, दोनदा माझं सगळं काम गेलं होतं. ग्राहकांच्या फाइली दुसरीकडे सुरक्षित राहाव्यात आणि टाइप मात्र विंडोजवर व्हावं, एवढीच मागणी.

दोन्ही संगणकांत नेटवर्कची कार्डं बसवली. मधे हब घ्यायला पैसे नव्हते, म्हणून क्रॉस केबल केली. त्या केबलीत एका टोकाला १ आणि ३, २ आणि ६ या तारांची अदलाबदल करावी लागते, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जातं. तार पहिल्याच दिवशी चालली. संगणक एकमेकांना हाक मारत होते, उत्तर येत होतं. पण विंडोजच्या नेटवर्क नेबरहूडमध्ये लिनक्सच्या संगणकावर क्लिक केलं की पासवर्ड विचारायचा, आणि बरोबर पासवर्ड दिला तरी नाकारायचा. आठ दिवस आम्ही एकच पासवर्ड टाकत बसलो होतो.

कारण पुतण्याला नाशिकच्या एका मित्राकडून कळलं. विंडोज ९८ पासवर्ड गुंडाळून, सांकेतिक करून पाठवतं. लिनक्सवरचं फोल्डर विंडोजला दाखवणारा सांबा हा प्रोग्रॅम तेव्हा, मुद्दाम सांगितल्याशिवाय, उघड्या पासवर्डची वाट बघत बसायचा. सांबाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत, सांकेतिक पासवर्ड चालतील, अशा अर्थाची एक ओळ लिहायची आणि त्या पासवर्डांची वेगळी वही संगणकात तयार करायची. ओळ लिहिली, फोल्डर उघडलं. आईने तेव्हा चहाबरोबर नागलीच्या भाकरीचा तुकडा आमच्या हातात दिला, ते मला अजून आठवतं. रात्रीचे अकरा वाजले होते.

त्या सांबाची गोष्ट मला नंतर वाचायला मिळाली आणि तेव्हापासून मी ती प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. विंडोज आणि त्याआधीचं डॉस ज्या भाषेत फाइली मागतात, तिला एसएमबी म्हणतात. ती आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आखली. मोठ्या युनिक्स संगणकांची रीत वेगळी होती. सन कंपनीची एनएफएस १९८४ची. दोन्ही आपापल्या घरात चोख, पण एकमेकांशी बोलणं नाही. १९९१च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेल नावाचा विद्यापीठातला विद्यार्थी स्वतःच्या टेबलावरचा पीसी सनच्या संगणकाला जोडायला बसला. त्याच्याकडे नियमांचं पुस्तक नव्हतं. तारेतून काय जातं आणि काय येतं ते तो पाहत राहिला आणि त्यावरून त्याने उत्तर देणारा प्रोग्रॅम लिहिला. जानेवारी १९९२ मध्ये तो जगाला मोफत दिला. पुढे दोन वर्षं त्याने तिकडे पाहिलंही नाही. मग घरी बायकोचा विंडोजचा संगणक आपल्या लिनक्सला जोडायचा होता, तेव्हा तोच जुना प्रोग्रॅम काढून पाहिला, तर चालला. प्रोग्रॅमचं पहिलं नाव दुसऱ्या कंपनीच्या मालकीचं निघालं, म्हणून त्याने संगणकातल्या शब्दांच्या यादीत एस, एम आणि बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले. त्यात सांबा मिळाला.

ट्रिजेल आपली पद्धत समजावताना फ्रान्समधल्या कॅफेचा दाखला देतात. भाषा येत नसलेला माणूस तिथे बसून राहतो, कोण काय मागतं आणि वेटर काय आणतो ते बघतो, आणि हळूहळू शब्द शिकतो. मला यासाठी कॅफेची गरज लागली नाही. आमच्या बाजारात धरमपूरकडचे व्यापारी गुजराती बोलतात, पाड्यावरच्या बायका कोकणा बोलीत भाव करतात, आणि मी दुकानातला मुलगा म्हणून दोन्ही अशाच शिकलो. ‘केटला’ म्हटल्यावर पुढच्याने किती नाणी काढली, त्यावरून.

पण असं ऐकून शिकायला वेळ जातो, आणि समोरच्याने उद्या बोलायची रीत बदलली की पुन्हा पहिल्यापासून. मायक्रोसॉफ्ट नव्या विंडोजबरोबर ती बदलत होतं आणि नियम देत नव्हतं. सन कंपनीने १९९८ मध्ये युरोपात तक्रार केली. युरोपीय आयोगाने मार्च २००४ मध्ये ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला आणि इतरांच्या सर्व्हरना जोडणीची माहिती द्या, असा हुकूम केला. १७ सप्टेंबर २००७ ला तिथल्या न्यायालयाने तो कायम ठेवला. त्या डिसेंबरात सांबाच्या मंडळींना एकदाच भरायच्या १०,००० युरोंत ती सगळी कागदपत्रं मिळाली. सोळा वर्षं जे कान देऊन शिकावं लागलं, ते लिहून हातात आलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. लक्झेंबर्गच्या न्यायालयात बसलेल्या कुणाला पेठ हे नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण माझं दुकान ज्यावर चालतं ते त्या निकालाने पक्कं झालं.

फाइलींच्या नावांची अडचण मात्र वेगळ्या पायरीची होती. सुरुवातीला फाइलींची नावं आम्ही इंग्रजीतच द्यायचो, तीही आठ अक्षरांत बसवून. विंडोज ९८ला देवनागरी नाव समजत नव्हतं आणि त्या वेळच्या सांबालाही नाही. सप्टेंबर २००३ मध्ये सांबाची ३.० आवृत्ती आली. तिच्यापासून तारेवरून नावं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, जाऊ लागली. मी २००५ मध्ये विंडोज एक्सपी घेतलं आणि फोल्डरला पहिलं मराठी नाव दिलं, ‘दाखले’. लिनक्सच्या पडद्यावर तेच अक्षर उमटलं. ज्याने आयुष्यभर मराठी टाइप केलं, त्याला त्या दिवशी काय वाटलं असेल ते वाचकाने समजून घ्यावं.

आता फाइलींच्या पोटातल्या मजकुराकडे येतो, कारण खरं नुकसान तिथे झालं.

भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की नावाचं प्रमाण ठरवलं होतं, आयएस १३१९४. त्यामागे कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं काम होतं. प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक. युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच आधीच्या, १९८८च्या आराखड्यावर उभी आहे. पण डीटीपीच्या बाजारात जे फॉन्ट विकले गेले, त्यांतल्या बहुतेकांनी अक्षरांचे क्रमांक न वापरता आकारांचे क्रमांक वापरले, आणि प्रत्येक पॅकेजचे आकार वेगळ्या खणात. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले. फॉन्ट असेल तोवर मराठी दिसतं. फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रास. माझं पॅकेजही तसलंच होतं, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण सगळे तेच वापरत होते.

२००६ चा वनहक्क कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्याने दावा करायचा, ग्रामसभेने तो तपासायचा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. आमच्या तालुक्यात कोकणा, महादेव कोळी, वारली. जंगलात नागली-वरईचे तुकडे कसणारी घरं पाड्यापाड्यावर. वनहक्क समित्यांचे लोक रोज दुकानात. नाव, बापाचं नाव, गट, क्षेत्र, पुरावा, साक्षीदार. २००८ आणि २००९ या दोन वर्षांत मी पहाटेपासून याद्याच टाइप केल्या. लिनक्सच्या संगणकावर गावागणिक फोल्डर केले. प्रती निघाल्या, सह्या-अंगठे झाले, कागद पुढे गेले. फाइली सुरक्षित होत्या. रोज रात्री मी त्यांची सीडी काढायचो.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकऱ्यांचा पायी मोर्चा निघाला. ६ मार्चला निघून १२ मार्चला मुंबईत पोचला. आमच्या भागातली माणसं त्यात होती. वनहक्काचे रखडलेले दावे ही त्यातली मोठी मागणी होती. मोर्चा परतल्यावर जुन्या दाव्यांची चौकशी नव्याने सुरू झाली, आणि एका पाड्यावरचे एक म्हातारे बाबा मुलाला घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्याकडची प्रत पावसात गेली होती. मी म्हटलं, बाबा, बसा, माझ्याकडे आहे. फोल्डर उघडलं, फाइल उघडली. नऊ वर्षांत संगणक बदलला होता, पॅकेजची कुलूपकिल्ली असते ती छोटी डोंगल कधीच जळली होती. पडद्यावर रांगच्या रांग इंग्रजी अक्षरं. बाबांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ‘मास्तर, आमची नावं गेली का?’

नावं गेली नव्हती. प्रत्येक अक्षर तिथे होतं, पण कुठला क्रमांक म्हणजे कुठला आकार, ते सांगणारा तक्ता माझ्याकडे नव्हता. एक छापील जुनी यादी दुसऱ्या गावाकडून मिळाली. ती समोर ठेवून मी महिनाभर तक्ता तयार केला. दोनशेच्या वर खुणा. आकाराच्या जागी अक्षर बसवणं सोपं. अवघड होतं ते क्रम लावणं. फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, जशी डोळ्यांना दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर. रफार उलट. फॉन्टमध्ये तो शेवटी डोक्यावर चढतो, युनिकोडमध्ये आधी ‘र’ आणि हलन्त, मग अक्षर. पहिल्या फेरीत सगळे ‘धर्मा’ ‘धमार्’ झाले. सरकारी दप्तरात अशा एका रफाराने माणूस दुसराच ठरतो, आणि मग तो मीच आहे हे सिद्ध करायला त्याला नाशिकच्या खेपा घालाव्या लागतात. म्हणून तक्त्यावर विसंबून राहिलो नाही. बाबांच्या पाड्यावर जाऊन देवळासमोर मी यादी मोठ्याने वाचली. ज्याचं नाव आलं त्याने ‘हो’ म्हणायचं. काही नावांना कुणी हो म्हणालं नाही, ती माणसं मधल्या काळात गेली होती, त्यांच्या मुलांनी हात वर केले.

पेठला अशी अडचण पहिल्यांदा आलेली नाही. १८७८ पर्यंत पेठ हे छोटं संस्थान होतं. शेवटच्या बेगमेच्या मृत्यूनंतर ते खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात आलं. जातपडताळणीसाठी लोक आजोबा-पणजोबांचे दाखले शोधतात तेव्हा त्या काळचे मोडीतले कागद निघतात. माझ्याकडे ते स्कॅन करायला येतात. कागद हातात असतो, अक्षरं स्वच्छ असतात, भाषा मराठीच असते, आणि ज्याच्या पणजोबाचं नाव त्यावर आहे त्यालाच ते वाचता येत नाही. मोडी शाळेतून गेली तेव्हा दप्तरातल्या कागदांचं काय, याचा विचार झाला नाही. मोडी जाणकाराला पैसे देऊन बाळबोध करून घ्यावं लागतं. मी जो तक्ता बनवला, तो याच कामाचा होता. फरक एवढा की मोडी जायला दोन पिढ्या लागल्या आणि माझा फॉन्ट नऊ वर्षांत गेला.

जोडणीची जुनी रीतही मधेच सुटली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, तो एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या फटीतून. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या विंडोज १०च्या अपडेटने ती आवृत्ती आपोआप बंद ठेवायला सुरुवात केली. ते योग्यच होतं. पण माझं सेकंडहँड झेरॉक्स मशीन स्कॅन केलेला कागद थेट फोल्डरमध्ये टाकायचं, आणि त्याला पहिल्या आवृत्तीशिवाय दुसरी येत नव्हती. दहावीच्या दाखल्यांची गर्दी आणि स्कॅन कुठे पोचेना. शेवटी लिनक्सच्या संगणकाला मधे बसवलं. मशीनसाठी त्याने जुनी बोली चालू ठेवायची, एकाच फोल्डरपुरती आणि बाहेरच्या इंटरनेटपासून तोडून, आणि विंडोजशी नवी बोलायची. अजून तसंच चालू आहे.

आणि आता त्या दोन फाइली. बाबांची यादी तयार झाल्यावर पुण्याहून आलेल्या एका कार्यकर्त्या ताईंनी त्यांच्या मॅकवर ती तपासली आणि झिप करून पेनड्राइव्हवर परत दिली. मी ती त्याच फोल्डरमध्ये उघडली. जुनी फाइल जाऊन नवी येईल अशी माझी अपेक्षा होती. दोन्ही राहिल्या. ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे सबंध ‘ऱ’, दुसरा म्हणजे साधा ‘र’ आणि खाली नुक्ता. जुन्या मॅकची फाइलपद्धत नावं फोडून, दुसऱ्या तऱ्हेने साठवते. माझ्या विंडोजवरून गेलेलं नाव पहिल्या तऱ्हेचं. युनिकोडच्या नियमाने दोन्ही समान आहेत, पण लिनक्स नावाकडे अक्षरं म्हणून पाहत नाही, बाइट मोजतो. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. पहिलं ‘शेतकऱ्यांची’ ३३ बाइटचं, दुसरं ३६ बाइटचं. म्हणून दोन नावं, दोन फाइली. काही टाइपिंगची साधनं तर ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक घालून तिसराच ‘ऱ्या’ काढतात. शोध घेताना एक लिहिलं तर दुसरं सापडत नाही. इंग्रजी वापरणाऱ्याला हे कळायचं कारण नाही, पण शेतकऱ्यांची, कातकऱ्यांची, दुसऱ्याची, वाऱ्याची अशी ज्यांची भाषा आहे, त्यांच्या फाइली रोज अशा हरवतात. शिवाय लिनक्सवर नाव २५५ बाइटांपलीकडे जात नाही. म्हणजे मराठीची जेमतेम ८५ चिन्हं, काना-मात्रा धरून. परिपत्रकाचा सगळा विषय फाइलीच्या नावात लिहायची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

त्या दोन फाइलींतली जुनी मी अजून काढलेली नाही. नवीन पोरगं शिकायला आलं की आधी ती दाखवतो.

पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबक या भागात २००८ ते २०१२ च्या दरम्यान ज्यांनी ज्यांनी वनहक्काचे दावे टाइप केले, त्या सगळ्या टायपिंगवाल्यांना, डीटीपीवाल्यांना आणि शाळेतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. जुन्या सीडी आणि फ्लॉपी फेकू नका. तुमची डोंगल अजून चालत असेल तर या आठवड्यातच फाइली उघडा, युनिकोडमध्ये करून घ्या, आणि रफार असलेली नावं त्या त्या पाड्यावर मोठ्याने वाचून पक्की करा. डोंगल गेली असेल तर माझा तक्ता घेऊन जा, त्याचे पैसे नाहीत. दुकान सकाळी आठला उघडतं. फ्लॉपी वाचायचा ड्राइव्ह माझ्याकडे अजून चालू आहे.